गुळव्याची साखर

"तातोबा, खोटं बोलू नका," असं म्हणून मी रिपोर्ट टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. "तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दहा आली आहे. मागच्या खेपेला साडेनऊ होती. दोन-दोन गोळ्या चालू असताना ही वाढते कशी?"

"गूळ खाल्ला न्हाई, डॉक्टर," तातोबा म्हणाले. बोलताना त्यांनी नेहमीप्रमाणे खांद्यावरच्या टॉवेलचं टोक ओठांपुढे धरलं होतं.

"चाखलासुद्धा नाही?"

"चाखायचं काय काम? बोटाला कळतंय. अन् खडा फोडाय मला दात कुठं हायत?"

मला ते उत्तर आगाऊपणाचं वाटलं. बाहेर पंचवीस पेशंट खोळंबले होते आणि हा माणूस माझी थट्टा करतोय, असं मनात आलं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि त्यांच्या बायकोशी, हौसाक्कांशी बोलायला लागलो.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. गडहिंग्लजला एसटी स्टँडच्या मागे पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. मधुमेहाचा डॉक्टर म्हणून पंचक्रोशीत माझं नाव होतं आणि ते आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. तातोबा खोराटे नांगरवाडीचे. साठीच्या आसपासचे, काटक, कमी बोलणारे. त्यांचा धंदा गुळव्याचा. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो. तो नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ चिकट होतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. देसायांच्या गुऱ्हाळावर तीस वर्षं हा निर्णय तातोबांचा होता. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की काहिलीपाशी त्यांच्या शब्दापुढे मालकही जात नसत.

आणि मी मात्र असा विचार करत होतो की, ज्या मधुमेह्याचा दिवस गुळाच्या वाफेत जातो त्याची साखर का वाढते, हा काय प्रश्न झाला?

"हौसाक्का, यांनी आता गुऱ्हाळावर जायचं नाही," मी म्हणालो. "साखर नऊच्या खाली येईपर्यंत तिकडे फिरकायचंसुद्धा नाही."

तातोबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "हंगाम सुरू झालाय, डॉक्टर."

"होऊ दे की. पाय कापायची पाळी आली तर कसला हंगाम?"

"आवं, ऐका जरा त्यांचं," हौसाक्का नवऱ्याला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मी घरात ठिवत्ये त्यास्नी. पर माणूस दिसभर कुठंतरी जाणारच की वो. मी किती मागं फिरू?"

त्यावर मी जे बोललो ते आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. "मागे फिरू नका," मी म्हणालो. "संध्याकाळी घरी आले की तोंडाचा वास घ्या. गुळाचा वास लपत नाही."

कंपाउंडर हसला. दारातून डोकावणारे दोघं-तिघं पेशंट हसले. तातोबा उठले आणि टॉवेल तोंडाशी धरूनच जिना उतरून गेले. ते टॉवेलाचं टोक म्हणजे चोराच्या मनातलं चांदणं, अशी माझी पक्की समजूत होती. मी केसपेपरवर लिहिलं, 'आहार पाळत नाहीत. जीभ ठीक.' जीभ मी प्रत्येक पेशंटची बघायचो. माझ्या गुरूंची तशी शिकवण होती.

महिन्याने दोघं परत आले. उपाशीपोटीची साखर दोनशे चाळीस. म्हणजे मागच्या महिन्यात होती तिथेच.

"महिनाभर गुऱ्हाळावर गेले नाहीत?" मी हौसाक्कांना विचारलं.

"न्हाई. वट्ट्यावर बसून असत्यात."

"मग घरात कुठेतरी ढेप लपवली असेल."

मागच्या वेळी तातोबा निदान 'खाल्ला न्हाई' म्हणाले होते, या वेळी तेही नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीचाच लावला.

हौसाक्का चुळबुळ करत होत्या. "डॉक्टरसाहेब, तुमी सांगितलं तसा वास घेतला मी. रोज. गुळाचा येत न्हाई."

"बरं."

"पर दुसरा येतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "घाण येतोय वो. कुजल्यावानी. इतकी वर्सं मला ठावं नव्हतं. ह्ये टॉवेल धरून बोलत्यात, मला वाटायचं सवय हाय."

"दातांचं असेल," मी म्हणालो. "खाली नव्या डॉक्टरबाई आल्या आहेत, त्यांना दाखवा." असं म्हणत मी इन्सुलिनची चिठ्ठी लिहायला घेतली. उठून बॅटरी हातात घेऊन तातोबांच्या तोंडात डोकवावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. दात हे माझं खातं नव्हतं.

खालच्या गाळ्यात सहा महिन्यांपूर्वी डॉ. नसीमा बागवान यांनी दातांचा दवाखाना टाकला होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस, चष्मा, चालण्या-बोलण्यात घाई नाही. जिन्यात भेटल्या की "नमस्कार, सर" म्हणायच्या आणि मी मान हलवायचो. त्या पलीकडे आमची ओळख नव्हती.

तासाभराने त्यांची चिठ्ठी वर आली. चिठ्ठीत लिहिलं होतं की, रुग्णाच्या हिरड्यांत सगळीकडे पू आहे, चार दात फार हलतात, हाड झिजलं आहे. साखर आटोक्यात न येण्याचं हे एक कारण असू शकतं. हिरड्यांची खोल सफाई करायची आहे आणि दात काढायचे आहेत, तरी आपली परवानगी असावी.

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. साखर का वाढते, हे आता दातांचे डॉक्टर मला शिकवणार तर. मी चिठ्ठीच्या मागेच लिहिलं, 'साखर आटोक्यात आल्याशिवाय दात काढू नयेत.' खाली झोकात सही ठोकली आणि चिठ्ठी परत पाठवली.

पाच मिनिटांत बाई स्वतः वर आल्या. मागे तातोबा आणि हौसाक्का.

"सर, दोन मिनिटं मिळतील का?"

"बोला."

"साखर कमी झाल्याशिवाय दात काढायचे नाहीत, असं आपण म्हणता. आणि हा पू निघाल्याशिवाय साखर नीट खाली येणार नाही, असं मला वाटतं. मग यांनी करायचं काय?"

"बागवान, मधुमेहात हिरड्या बिघडतात हे मलाही माहीत आहे. साखर आटोक्यात आली की हिरड्या आपोआप सुधारतील."

"उलटंही असतं, सर. शरीरात कुठेही पू साठला की साखर चढते, हे तर आपणच पेशंटना सांगता. पायाला जखम झाली तर आपण आधी जखम बघता. ही जखमच आहे, फक्त ओठांच्या आत आहे. सगळी मोजली तर तळहाताएवढी भरेल. आपण यांचं तोंड पाहिलंत का?"

"रोज चाळीस जणांच्या जिभा बघतो मी."

"जीभ नाही, सर. हिरड्या."

आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. मी उठलो, बॅटरी घेतली आणि तातोबांपुढे उभा राहिलो. बारा वर्षं हा माणूस माझ्याकडे येत होता.

"तातोबा, आ करा."

त्यांनी टॉवेल खाली घेतला. बागवानबाईंनी एका पातळ हत्याराने खालचा ओठ बाजूला केला आणि हिरडीवर बोट हलकंच दाबलं. दाताच्या मुळाशी पिवळा पू वर आला. दुसऱ्या दाताशी दाबलं, तिथेही आला. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या, दात लांब दिसत होते, आणि पुढचे दोन तर बाईंच्या हत्याराच्या धक्क्यानेच हलले.

"हे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"आट-धा वर्सं झाली असतील."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी साखरंचं डॉक्टर," तातोबा म्हणाले. "दातांचं तुमास्नी काय सांगायचं?"

"जेवता काय?"

"भाकरी न्हाई चावत. भात कालवून गिळायचा. ऊस सोडून तर आट वर्सं झाली." मग, तक्रारीचा सूर न लावता, ते पुढे म्हणाले, "मी म्हनलं हुतं न्हवं, खडा फोडाय दात कुठं हायत."

हे त्यांनी खरोखरच सांगितलं होतं. मी बॅटरी बंद केली. टेबलावर त्यांचा केसपेपर उघडा होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात बारा वर्षं ओळीने 'जीभ ठीक, जीभ ठीक' लिहिलेलं होतं. मला लाज वाटली. हौसाक्का समोर होत्या, कंपाउंडर दारात होता, आणि मी काय केलं, तर चिठ्ठी मागून घेतली, आधीची ओळ खोडली आणि लिहिलं, 'उपचार सुरू करावेत. प्रतिजैविक मी देतो. दातांच्या कामाच्या दिवशी साखर माझ्याकडे तपासावी.'

"तातोबा," मी म्हणालो, "उद्यापासून गुऱ्हाळावर जायला हरकत नाही."

तातोबांनी टॉवेल खांद्यावर नीट टाकला. "आता कसा जाऊ?"

"का?"

हौसाक्काच म्हणाल्या, "मालकांनी दुसरा गुळव्या आणलाय, चंदगडचा. अन् गावात समद्यास्नी कळलंय, की तातोबा काहिलीतला गूळ चाटून खात हुता, मोठ्या डॉक्टरनं पकडला. तुमच्या दवाखान्यातनंच गेली की वो बातमी. काहिलीत त्वांड घालणाऱ्या गुळव्याला कोण उभं करंल?"

"मीबी इस्वास ठिवला न्हाई," असंही त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपायला लागल्या.

तेव्हाच गाडी काढून नांगरवाडीला जायला हवं होतं. मी गेलो नाही. आधी रिपोर्ट हातात येऊ दे, पुराव्याशिवाय बोलणं बरं नाही, असं मी स्वतःला बजावत राहिलो. खरं कारण तेवढंच नव्हतं. चार माणसांत आपलं चुकलं म्हणायचा मला धीर नव्हता, आणि वैद्यकशास्त्राच्या आड लपायला डॉक्टरला कधीही जागा असते.

बागवानबाईंनी चार बैठकांत हिरड्या साफ केल्या आणि चार दात काढले. मीठपाण्याच्या गुळण्या, ब्रश कसा धरायचा, मशेरी बंद, सगळं त्यांनी हौसाक्कांना समोर बसवून शिकवलं. दर बैठकीच्या आधी तातोबा वर येऊन बोटातलं रक्त देत आणि मी आकडा लिहून देई. आमचं बोलणं तेवढ्यापुरतंच होतं. ते मला 'डॉक्टर' म्हणायचे तसंच म्हणत, पण आधी ते जाताना 'येतू' म्हणायचे, ते आता म्हणत नव्हते.

इन्सुलिन मी सुरू केलंच नाही. गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या. मला बघायचं होतं.

माघाच्या अखेरीला सरासरीचा रिपोर्ट आला. आठ पूर्णांक चार. जादू झाली असं मी म्हणणार नाही, आठ पूर्णांक चार म्हणजे काही निरोगी माणसाची साखर नव्हे. पण औषध तेच, माणूस तोच, आणि मधल्या काळात बदललं होतं ते फक्त तोंड. खिशात रिपोर्ट घालून मी खाली गेलो आणि बागवानबाईंना म्हणालो, "डॉक्टर, नांगरवाडीला येता का?"

मी त्यांना 'डॉक्टर' म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हातातलं काम संपवलं आणि निघाल्या. वाटेत नांगरवाडीच्या पारावर बसलेल्या तातोबांना आम्ही गाडीत घेतलं. कुठे निघालोय हे कळल्यावर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, डॉक्टर." मी गाडी थांबवली नाही.

गुऱ्हाळ सकाळच्या उन्हात जोरात चाललं होतं. चरक फिरत होता, चुलवाणात चिपाडं जळत होती आणि काहिलीतला रस फसफसत होता. देसाई खुर्ची टाकून बसले होते. गाडीतून तातोबा उतरताना बघून काम करणारे आठ-दहा गडी एकमेकांकडे पाहायला लागले.

देसाई उठून म्हणाले, "या डॉक्टर, रस घ्या."

"रस नंतर," मी म्हणालो. "मी एक सांगायला आलोय. दसऱ्यानंतर मी माझ्या दवाखान्यात म्हणालो होतो की तातोबा गूळ खातात आणि खोटं बोलतात. ते खरं नव्हतं. त्यांनी गूळ खाल्ला नव्हता. त्यांच्या हिरड्यांत पू होता आणि त्याने साखर चढत होती. ते मला बारा वर्षांत दिसलं नाही. या डॉक्टरबाईंना पाच मिनिटांत दिसलं. चूक माझी आहे. तातोबांची त्यात काही चूक नाही."

मी रिपोर्ट काढून दाखवायला लागलो, पण तो कुणी हातात घेतला नाही. देसाई तातोबांकडे बघत होते. तातोबा आमच्याकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष काहिलीकडे होतं.

"बुडबुडं बगा की वो," ते चंदगडच्या गुळव्याला म्हणाले. "तीळ फुटल्यागत आल्यात. अजून किती ठिवणार?"

तो गुळव्या तरणा होता. त्याने देसायांकडे पाहिलं, देसायांनी मान हलवली, आणि तो बाजूला झाला. तातोबांनी टॉवेल कमरेला बांधला. झाऱ्याने चार थेंब उचलून परातीतल्या गार पाण्यात सोडले, पाण्यात बोटं घालून ते गोळा केले, आणि अंगठ्याशी एकदाच फिरवले.

"उतरवा," ते म्हणाले.

सगळे गडी धावले. काहील उतरली, पाक गार करायच्या वाफ्यात ओतला गेला, आणि थोड्या वेळाने त्याला सोन्याचा रंग धरायला लागला. तातोबांनी बोटं त्याच पाण्यात धुतली आणि टॉवेलाला पुसली. ओठांकडे ती गेली नाहीत. तीस वर्षं ते असंच करत आले होते, आणि ज्याला बघायचं होतं त्याला रोज दिसत होतं.

मग त्यांनी कडेचा एक कोमट तुकडा उचलला आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"आ करा," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. तुकडा घालायच्या आधी ते जरा वाकले आणि आत बघत राहिले.

"डॉक्टर, तुमच्याबी हिरड्या सुजल्यात. बाईंस्नी दावा."

गडी खदखदून हसले. देसाईही हसले. त्या हसण्याने मला कमीपणा वाटला नाही. उलट, तीन महिन्यांनी प्रथमच मला मोकळं वाटलं. गूळ फार सुंदर झाला होता. आम्ही निघताना तातोबा काहिलीपाशीच होते, तिथूनच त्यांनी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेलो आणि बागवानबाईंच्या खुर्चीत बसलो. सहा महिने ब्रश करताना रक्त येत होतं. मी त्याकडे दुर्लक्ष करत होतो, तेही सांगितलं. त्यांनी सगळ्या हिरड्या सावकाश तपासल्या, हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि विचारलं, "सर, तुमची स्वतःची साखर शेवटची कधी तपासलीत?"

मला आठवेना.

ती दोनशे बारा निघाली. हे मी घरी बायकोला सांगितलं आणि त्यानंतर, का कोण जाणे, तातोबांना सांगितलं. पुढच्या महिन्यात ते तपासणीला आले होते तेव्हा. आता ते टॉवेल तोंडापुढे धरत नव्हते. मी माझा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. वाचता त्यांना येत नव्हतं, तरी त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"गूळ खाता?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या हातचा त्या दिवशी खाल्ला, तेवढाच."

हौसाक्का मागे उभ्या होत्या. कंपाउंडर दारात होता. तातोबांनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"खरं बोलताय," ते म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "येतू, डॉक्टर."